आधी स्वाराची तालीम

१९०४ साली बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याची जिकडेतिकडे चर्चा होती. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे गणिताचे शिक्षक. अंगणात हान्ससमोर उभे राहून ते बेरीज-वजाबाकी विचारत आणि हान्स खूर आपटून उत्तर देई. उत्तर बारा असेल तर बरोबर बारा टापा, की थांबला. आपला घोडा खरोखर गणित शिकला आहे, अशी फॉन ऑस्टेन यांची प्रामाणिक समजूत होती. चौकशीसाठी जाणकारांची समिती बसली, पण तिलाही कुठे लबाडी सापडली नाही.

कोडं सोडवलं ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्स चुकायचा. विचारणारा त्याला दिसत नसेल तरीही चुकायचा. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे वाकत होता आणि हव्या त्या आकड्याची टाप पडली की त्याचं डोकं पुसटसं वर येत होतं. हान्स तेवढंच टिपत होता. १९०७ साली फुंग्स्टने हे सगळं सविस्तर प्रसिद्ध केलं. त्यातली सर्वात लक्षणीय गोष्ट अशी, की रहस्य कळल्यावरही स्वतःच्या डोक्याची ती हालचाल थांबवणं खुद्द फुंग्स्टला जड जात होतं.

ही गोष्ट सहसा प्राण्यांच्या बुद्धीबद्दलच्या भाबड्या समजुती दूर करण्यासाठी सांगतात. घोड्यावर बसणाऱ्याने तिच्यातून वेगळा बोध घ्यावा. समोर उभ्या असलेल्या माणसाची पुसटशी हालचाल ज्याला कळते, त्याच्या पाठीवर आपण बसलो तर त्याला काय काय कळत असेल! श्वास अडकलेला कळतो, मांडी आवळलेली कळते, उजव्या कुल्ल्यावर जास्त भार पडलेला कळतो. अंगावर माशी बसली तर घोडा नेमकी तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो. त्या कातडीवर आपण दीड-दोन मणांचं ओझं ठेवतो आणि वर टाचा मारून बोलायला जातो.

ड्रेसेज ही विद्या घोड्याच्या या संवेदनशीलतेवर उभी आहे. स्पर्धेचं मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. कडेने अक्षरांच्या खुणा असतात. ठरलेल्या खुणेवर ठरलेली चाल धरायची, वळायचं, थांबायचं, तिरकं चालायचं. प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात. उत्तम जोडी खेळत असते तेव्हा स्वार काही करतो आहे असं दिसतच नाही. घोडा आपल्या मनानेच हे सगळं करतो आहे असं वाटतं. हे दृश्य दोन मार्गांनी मिळवता येतं. धाकाने त्याची नक्कल करता येते आणि समजुतीने ते खरोखर घडवता येतं. या प्रकरणात सांगायचं आहे ते एवढंच, की दुसऱ्या मार्गावरचा हळुवारपणा हा केवळ दयेचा भाग नव्हे. ते एक कसलेलं तंत्र आहे आणि त्याची पहिली तालीम घोड्याची नसून स्वाराची असते.

जबरदस्ती आणि समजूत

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने अश्वारोहणावर पुस्तक लिहिलं. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, हा त्याचा आग्रह होता. जबरदस्तीने करवून घेतलेली हालचाल घोड्याला समजलेली नसते आणि ती देखणीही होत नाही, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. तो स्वतः रणांगणात वावरलेला माणूस होता. बिथरलेला घोडा स्वाराच्या जिवावर बेततो, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

सोळाव्या शतकातल्या नेपल्समध्ये वारं उलट फिरलेलं दिसतं. फेदेरिको ग्रिसोने याचा १५५० सालचा ग्रंथ युरोपभर वाचला गेला. घोड्याला कुरवाळावं असं त्यात आहे, पण अडेल घोड्यासाठी सांगितलेले उपाय वाचताना अंगावर काटा येतो. काठीच्या टोकाला जिवंत मांजर बांधून ती घोड्याच्या पोटाखाली न्यावी, हा त्यातला एक.

पुढच्याच पिढ्यांमध्ये याला उत्तर मिळालं. इटलीत शिकून आलेला आंत्वान द प्लुव्हिनेल हा फ्रान्सच्या तेराव्या लुईचा घोडेस्वारीतला गुरू. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ साली, प्रसिद्ध झालं. घोडा आनंदाने काम करत नसेल तर त्या कामाला डौल येणार नाही, म्हणून मार कमीत कमी आणि कौतुक भरपूर, असा त्याचा पाठ होता. त्यानंतर फ्रांस्वा रोबिशों द ला गेरिनिएर याने १७३३ साली आपल्या ग्रंथात शोल्डर-इन या व्यायामाची पद्धतशीर मांडणी केली. घोडा कडेने सरळ पुढे जात असतो, पण खांदे किंचित आत घेतलेले, शरीर स्वाराच्या आतल्या पायाभोवती हलकेच वळलेलं. दिसायला साधा हा व्यायाम घोड्याचे खांदे मोकळे करतो आणि मागचा आतला पाय पोटाखाली आणतो. आजही जगभर घोड्याची तयारी याच व्यायामाच्या आधाराने होते.

गेरिनिएरची परंपरा सर्वात निष्ठेने जपली ती व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलने. सम्राट सहाव्या चार्ल्सने बांधवून घेतलेलं तिथलं पांढरंशुभ्र सभागृह १७३५ साली पूर्ण झालं. आजही स्वार आत येताना सम्राटाच्या चित्राकडे पाहून टोपी काढतात. इथले लिपिझानर घोडे जन्मतात गडद रंगाचे आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. साधारण चार वर्षांचे झाल्यावर त्यांच्यावर खोगीर चढतं. पहिला बराचसा काळ त्यांनी स्वार पाठीवर घेऊन नुसतं सरळ, मोकळेपणी चालायचं आणि धावायचं. सगळ्या कला आत्मसात व्हायला साधारण सहा वर्षं जातात.

नव्या स्वाराचं शिक्षण त्याहून लांबतं. त्याला लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या, मुरलेल्या घोड्यावर बसवतात. रिकिबी काढून टाकलेल्या असतात, हातात लगाम दिलेला नसतो. पकडायला काही नाही, पाय टेकवायला काही नाही. सुरुवातीला दुडक्या चालीच्या प्रत्येक टापेला तो उसळतो, तोल सावरण्यासाठी गुडघे आवळतो आणि गुडघे आवळले की आणखी उसळतो. हळूहळू कंबर सैल सोडायला तो शिकतो. घोड्याच्या पाठीची लाट आपल्या कमरेतून जाऊ द्यायची, हे त्याला उमगतं. मगच लगाम हातात येतो, कारण ज्याला स्वतःचा तोल सांभाळता येत नाही तो लगामाला लोंबकळतो, आणि लगामाचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. व्हिएन्नात म्हातारा घोडा तरुण स्वाराला घडवतो आणि अनुभवी स्वार तरुण घोड्याला. युनेस्कोने २०१५ साली या परंपरेला मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

पाठीवरचं ओझं

इतकी वर्षं का लागतात? याचं उत्तर घोड्याच्या हाडांत आहे. नुसत्या उभ्या घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्याला गळपट्टीचं हाड नसतं. छातीचा पिंजरा दोन्ही खांद्यांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत तोललेला असतो. त्या पाठीवर माणूस बसला की पुढच्या पायांवरचा भार आणखी वाढतो आणि पाठ खाली दबते. शिवाय कण्याच्या मणक्यांची वाढ घोडा पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत पूर्ण होत नाही. म्हणजे तीन वर्षांचा धिप्पाड दिसणारा घोडा हाडांनी अजून पोरगाच असतो.

ड्रेसेजच्या सगळ्या शिक्षणाचा उद्देश इथून समजतो. पोटाचे आणि पाठीचे स्नायू मजबूत करून पाठ वर उचलली जावी, मागचे पाय पोटाखाली येऊन त्यांनी भार घ्यावा, म्हणजे पुढचं अंग हलकं होईल. जर्मन पद्धतीत यासाठी सहा पायऱ्या सांगतात: लय, सैलपणा, लगामाशी संपर्क, मागच्या पायांतून येणारा जोर, सरळपणा आणि शेवटी अंग आवरून मागच्या पायांवर तोलणं. मानेची ती डौलदार कमान हा या सगळ्याचा शेवटचा परिणाम आहे. लगाम ओढून मान आधी वाकवली, तर फोटो चांगला येतो. पाठ मात्र दबलेलीच राहते आणि मागचे पाय मागेच राहतात.

संपर्क ही पायरी सर्वात नाजूक. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी जागा असते. बिट, म्हणजे लगामाची लोखंडी कडी, तिथे बसते. तिथे हाडावर हिरडीचा पातळ थर, बस. पतंग उडवताना मांज्यावर जेवढा जिवंत ताण असतो, तेवढाच लगामावर असायला हवा. ढील दिली तर काही कळत नाही आणि खेचलं तर जखम होते.

दाब आणि सुटका

घोडा शिकतो कसा, हे एका छोट्या धड्यातून पाहू. तरुण घोडीला पायाच्या इशाऱ्यावर एक पाऊल बाजूला टाकायला शिकवायचं आहे. घोडी उभी आहे. स्वार डावी पोटरी तिच्या कुशीला हलकेच लावतो. तिला काय हवंय ते कळत नाही. ती मान वर करते. पोटरी तिथेच, तेवढीच. ती एक पाऊल पुढे टाकते, पोटरी तिथेच. मग ती अंगाचा भार उजवीकडे झुकवते आणि मागचा पाय इंचभर सरकतो. त्याच क्षणी पोटरी सुटते. स्वार श्वास सोडतो, मानेवर हात फिरवतो, तिला दोन क्षण उभी राहू देतो. घोडी ओठ चाळवते. दुसऱ्या खेपेला पाऊल लवकर पडतं. चौथ्या-पाचव्या खेपेला पोटरी टेकण्याआधीच, स्वाराने तसा विचार केल्याबरोबर, तिचा कान त्या बाजूला वळलेला असतो.

दाबाने घोडीला प्रश्न विचारला आणि सुटकेने उत्तर दिलं. म्हणून सगळी कला सुटकेच्या वेळेत आहे. पाऊल पडल्यावरही पाय दाबून धरला, तर 'बरोबर केलंस' हे तिला कळणारच नाही. मग ती दुसरं काही करून पाहील: मागे सरेल, उसळेल किंवा शेवटी काहीच न करता सोसायला शिकेल. अशा घोड्याला लोक मठ्ठ म्हणतात, हट्टी म्हणतात. त्याच्यासाठी मोठा चाबूक आणतात, टाचेला टोकदार स्पर बांधतात. खरं तर त्याच्या प्रश्नाला कुणी वेळेवर उत्तर दिलेलं नसतं.

कधी कधी उत्तराचा प्रश्नच नसतो, घोडा दुखण्याने बेजार असतो. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या २४ वर्तनांची यादी प्रसिद्ध केली. कान मागे पाडणं, तोंड उघडणं, शेपटी फटकारणं, टक लावून शून्यात पाहणं, अडखळणं, अशी ती लक्षणं आहेत. त्यांतली आठ किंवा जास्त दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच, असा त्यांचा निष्कर्ष. ज्यांना आपण खोड्या म्हणत आलो, त्यांतल्या कितीतरी तक्रारी होत्या.

आणि स्वाराचं मन? स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना घोडा घेऊन किंवा घोड्यावर बसून ठरलेल्या मार्गाने जायला सांगितलं. मध्येच त्यांना सांगितलं, की या फेरीत घोड्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री उघडली नाहीच. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीची बातमी कुणी सांगितली नव्हती. ती त्याला माणसाच्या हातातून आणि अंगातून कळली. म्हणून चांगले शिक्षक घोडा बिथरला की आधी स्वाराला विचारतात, 'तू श्वास घेतोयस ना?'

लिस हार्टेल आणि ज्युबिली

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांची गोष्ट या विद्येच्या गाभ्याशी नेते. १९४४ साली, तेविसाव्या वर्षी, गरोदर असताना त्यांना पोलिओ झाला. मूल सुखरूप जन्मलं, पण त्यांच्या गुडघ्याखालच्या पायांतली शक्ती कायमची गेली. मांड्या आणि हातही कमजोर झाले. त्या पुन्हा चालायला शिकल्या आणि पुन्हा घोड्यावर बसल्या. चढायला आणि उतरायला त्यांना दुसऱ्याची मदत लागे.

ऑलिम्पिकमध्ये ड्रेसेज १९१२ पासून होतं, पण फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी. १९५२ साली हेलसिंकीत ते नागरिकांना आणि स्त्रियांना खुलं झालं. हार्टेल आपली घोडी ज्युबिली घेऊन उतरल्या आणि त्यांनी रौप्यपदक मिळवलं. सुवर्णविजेत्या स्वीडनच्या आंरी सँ सीर यांनी त्यांना हाताला धरून विजेत्यांच्या चौथऱ्यावर नेलं. १९५६ साली हार्टेल यांनी पुन्हा रौप्यपदक जिंकलं.

टाचेचा इशारा हा घोडेस्वारीचा पहिला धडा मानतात, आणि या स्त्रीला टाच वापरताच येत नव्हती. तिने ज्युबिलीला कमरेची, पाठीची आणि तोलाची भाषा शिकवली. ज्युबिलीने ती ऐकली. सगळ्यात अवघड कसोटीत, सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर, जोराशिवाय काम होतं हे त्या दोघींनी सिद्ध करून दाखवलं. हार्टेल यांच्या उदाहरणामुळे उपचार म्हणून घोडेस्वारी या कल्पनेला युरोपात मोठं बळ मिळालं. १९९६ पासून ड्रेसेज पॅरालिम्पिकमध्येही आहे.

पदकाच्या मोहात

आजच्या स्पर्धेच्या जगात हे भान सतत जागं ठेवावं लागतं. घोड्याची हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान ओढून धरायची 'रोलकुर' ही रीत इतकी पसरली, की २०१० साली आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाला बळाने केलेली अशी सक्ती अमान्य ठरवावी लागली. घोड्याने तोंड उघडून तक्रारच करू नये म्हणून नाकपट्टा करकचून आवळतात. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत हा जुना नियम. बोटं मोजणाऱ्याची लहान-मोठी असतात, म्हणून २०२५ पासून महासंघाने मोजायचं ठरावीक साधन आणलं.

२०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिन यांनी माघार घेतली. शिकवणी घेताना घोड्याच्या पायांवर चाबकाचे फटके मारतानाची त्यांची जुनी चित्रफीत समोर आली होती. त्यांनी माफी मागितली, महासंघाने त्यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली. याच डुजार्डिन यांनी व्हॅलेग्रो या घोड्यावर २०१४ साली लंडनमध्ये संगीतावरच्या फेरीत ९४.३ टक्क्यांचा विश्वविक्रम केला होता, आणि त्या जोडीचा सुसंवाद पाहून जगभरच्या लोकांना ड्रेसेजची गोडी लागली होती. म्हणून हळुवारपणा एकदा शिकून झाला, असं कधी होत नाही. घाई झाली, अपेक्षा वाढली, की हात पुन्हा चाबकाकडे जातो. रोज त्याला मागे घ्यावं लागतं.

आपल्याकडे

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसेजचं सांघिक सुवर्णपदक जिंकलं. घोडेस्वारीत भारताला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं होतं. त्यातली सुदीप्ती इंदूरची, हृदय मुंबईचा. पुढच्या वर्षी अनुष ऑलिम्पिक ड्रेसेजमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. ही सगळी मुलं वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकली.

आपल्या मातीतही घोड्याच्या पावलांचं कौतुक जुनं आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, वाद्यांच्या तालावर घोडे नाचवण्याच्या स्पर्धा होतात. पावलं उचलण्याची ही हौस आणि ड्रेसेजमधला पियाफ, म्हणजे जागच्या जागी चाललेली दुडकी, यांची घडण वेगळी आहे. पण दोन्हीकडे एकच प्रश्न विचारता येतो आणि विचारायला हवा: हा घोडा आनंदाने पावलं उचलतोय की कशाला तरी भिऊन?

उत्तर कुठे शोधायचं

त्यासाठी पंच असण्याची गरज नाही. पाय आकर्षक असतात, पण नजर आधी पाठीकडे आणि तोंडाकडे न्यावी. शेपटी चालीबरोबर सैल झुलते का? ओठ मऊ, किंचित ओले आहेत की तोंड वासलेलं किंवा बांधून टाकलेलं आहे? कान कधी स्वाराकडे, कधी पुढे असे फिरतात की मागे चिकटले आहेत? पियाफमध्ये मागचा भाग खाली येऊन भार घेतो की घोडा मागचे पाय नुसते झटकतो?

आणि एक कसोटी सर्वांत खरी. काम चालू असताना स्वार लगाम हळूहळू लांब करत जातो. नीट शिकलेला घोडा त्याच लयीत चालत राहतो आणि मान पुढे-खाली लांबवून बिट शोधत जातो. धाकाने आवरलेला घोडा लगाम सुटताच मान झटकून वर करतो किंवा पळत सुटतो. प्राथमिक पातळीच्या कितीतरी परीक्षांत ही हालचाल मुद्दाम ठेवलेली असते. तुमच्या गावात, शहरात घोडेस्वारीचा वर्ग असेल आणि मुलांना तिथे घालायचा विचार असेल, तर फी विचारण्याआधी तिथल्या शिक्षकांना एवढं करून दाखवायला सांगा. ज्यांच्या घोड्यांना लगाम सोडलेला चालतो, त्यांच्याकडे मुलांना खुशाल पाठवा. तिथे ती घोडेस्वारी शिकतीलच. शिवाय आपल्यापेक्षा कितीतरी बलवान जिवाकडून काम कसं मागावं आणि ते मिळताच हात कसा सोडावा, हेही शिकतील.